दसऱ्याला सरळ केलेल्या ओळी

हंसा पहिल्यांदा शिक्षकांच्या डोळ्यांत भरली ती आठवीच्या वर्गात. फळा पुसायला पाठवली, तर पोरगी फळ्याची चौकटही पुसून आली. मुरबे गावच्या मच्छीमाराची ही मुलगी. आई जमना बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. लेकीचं कौतुक ती तक्रारीच्या सुरातच करी. "इला बोंबील वाळत टाकायला सांगा, इ शेपट्या एका रांगेत लावीत बसल!"

पुढे पदवी घेऊन, संगणकाचा कोर्स करून, ९५ साली हंसा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात लागली. तिथे रंग शिजवायच्या बंद हंड्यावर संगणकाची देखरेख होती. हंडा किती तापला की गार पाणी सोडायचं, हे प्रोग्रॅममधली एक ओळ ठरवी. प्रोग्रॅम दोघंच सांभाळीत: पाम गावचा एकनाथ आणि त्याच्या हाताखाली हंसा. काही बदलून साठवलं की संगणक आधीची प्रतही जपून ठेवी, आणि विचारलं तर प्रत्येक ओळीपुढे, ती शेवटी बदलणाऱ्याचं नाव छापून देई.

खंडेनवमीला कारखान्यातलं एकूण एक यंत्र धुऊनपुसून त्याला हार घालायची रीत. फिटरांनी नट आवळायचे पाने घासले, हंसाने संगणक पुसून कुंकू लावलं. मग तिला वाटलं, आतूनही साफ करावं. प्रोग्रॅमच्या ओळी वेड्यावाकड्या सुरू व्हायच्या. तिने सगळ्या समासाला नीट लावल्या आणि साठवून टाकल्या.

"झाली का साफसफाई?" एकनाथ हसला. "आता त्या माऊसला पन हार घाल. गणपतीचं वाहन हाय."

दसरा झाला आणि लाल रंगाची नवी मागणी आली. पहिल्याच खेपेला पाणी उशिरा सुटलं. हंड्याचं झाकण उचकटलं आणि उकळता रंग जानूच्या उजव्या हातावर उडाला. कुंभवलीचा जानू हंड्यापाशी काम करायचा. डब्यात आज म्हावरं कुठलं, हे हंसाला विचारल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याला दवाखान्यात नेताना त्याचं ओरडणं तिने खिडकीतून ऐकलं.

उत्पादन खात्याचे प्रमुख दिनानाथ साहेब प्रिंटरपाशी येऊन उभे राहिले. कागद करकरत बाहेर आला. पाण्याच्या ओळीत आकडा ऐंशी हवा होता, तिथे नव्वद होता.

"ओळीपुढे नाव कोणाचं आहे? वाच."

"हंसा."

"मोठ्याने."

"हंसा, साहेब. पन मी फक्त ओळी सरळ केल्या. आकडा नाय बदलला."

"संगणक खोटं बोलतो? उद्यापासून येऊ नकोस. जानूच्या घरच्यांना काय सांगायचं, ते आता तूच ठरव."

नोकरी जाणार हे तिला कळलं, पण भीती वेगळीच होती. बोट घसरलं असेल तर? ऐंशीचा नव्वद आपल्याच हातून झाला असेल तर? तिने कागद पुन्हा वर ओढला. सगळ्यात वरच्या ओळीत एकनाथचं नाव आणि ९२ साल होतं, प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हाचं. त्या ओळीपुढेही छापलं होतं: हंसा.

"साहेब, ही ओळ मी लागायच्या आधीची. तिच्यापुढे पन मीच. एक जागा जरी हलवली तरी ह्याच्या लेखी ओळ बदलली. खंडेनवमीच्या आधीची प्रत काढते."

"काय फरक पडणार?"

"माझा हात होता का, ते मला बघायचं हाय."

प्रिंटर पुन्हा चालू झाला. ओळीमागून ओळ सरकत होती आणि एकनाथ चष्मा पुसत होता. पुसून झाला तरी पुसतच होता. पाण्याची ओळ आली. आकडा नव्वदच. पुढे नाव एकनाथचं, तारीख श्रावणातली.

हंसाने नाव उच्चारलं नाही. ह्याच माणसाने तिला सगळं काम शिकवलं होतं. तिने कागद त्याच्याकडे वळवला. "दादा, तुमीच वाचा."

"वाचायचं काय? आकडा मीच टाकला." एकनाथने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पानी कमी येतं, उशिरा सोडा, हे मला कोनी सांगितलं, साहेब? जुन्या रंगांना चाललं. लाल रंग लवकर तापतो. तो करायच्या आधी मी आकडा परत खाली आणायला हवा होता, तो राहिला. तेवढं माझं."

"मी सांगितलं? ह्यात छापलंय का तसं?"

ते छापलेलं नव्हतं. कोणाच्या हातांनी बदल केला, एवढंच तो कागद सांगत होता.

एकनाथला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. साहेब हंसाला म्हणाले, "तू राहा. तो आकडा ऐंशी कर."

"करते, साहेब. तुमी तसं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मी आता टाकनार नाय."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. जानूचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता.

"तुजं नाव निघालं म्हनतात."

"निघालं होतं. पन आकडा मी नव्हता बदलला, जानूकाका."

"मंग रडतंस कशाला? बस. डब्यात काय हाय?"

जानूच्या दोन बोटांत पुन्हा बळ आलं नाही. त्याला फाटकावर बसवलं. एकनाथ पामला वाडी बघू लागला. हंसा वर्षभराने तिथून निघाली. आज ती बोईसरच्या दुसऱ्या एका कारखान्यात प्रोग्रॅमचंच काम करते, आणि मुरब्याहून रोज स्कूटरने जाते-येते.