वांगं चालंल का, साहेब?

आमच्याकडं कुणाला मोठा आजार झाला की आधी जीप ठरते, मग डॉक्टर ठरतो. जीपमध्ये पेशंट मागं कोंबलेला असतो आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसतो तो जाणता माणूस. प्रत्येक भावकीत असा एक असतोच. त्याला नांदेडचे सगळे दवाखाने माहीत असतात, म्हणजे कुठल्या दवाखान्यासमोरचा चहा चांगला हे नक्की माहीत असतं. आमच्या भावकीत हा मान माझ्या थोरल्या काकांचा, आणि त्यांनी तो वर्षानुवर्षं कुणाला मिळू दिला नाही.

नव्वदच्या दशकात, आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, माझी माय आजारी पडली. कुरुंद्याजवळचं आमचं गाव. मला हट्टा गावात दिलेली. मायला जेवण जाईना, अंगातली चोळी सैल झाली, पोटात उजव्या अंगाला काहीतरी टणक हाताला लागायचं, असा निरोप आला तशी मी निघाले. बाप मी लहान असतानाच गेलेला, त्यामुळं आमच्या घराचाही कारभार काकांकडं. मी पोचले तर दारात जीप उभी. पुढं काका. मागं त्यांचे दोन दोस्त, शिवाय कुणाचे तरी साडू, ज्यांचं नांदेडला सहज काम होतं. आणि त्या सगळ्यांच्या मधे माय, नाकापर्यंत पदर ओढून.

त्या पदराचं सांगितलं पाहिजे. थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माय लग्न होऊन आली तेव्हापासून काकांशी एक शब्द समोरासमोर बोललेली नव्हती. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा ती भिंतीला विचारायची आणि काका भिंतीलाच उत्तर द्यायचे. घरात हे चालून जायचं. पण तीच रीत आम्ही उचलून डॉक्टरच्या खोलीत नेली.

डॉक्टरांनी मायला विचारलं, कुठं दुखतं. काका म्हणाले, पोटात. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. काका म्हणाले, दसऱ्यापासून. खरं तर ती पोळ्यापासून कण्हत होती, पण काकांना दसऱ्यालाच कळलं होतं. भूक लागते का, झोप येते का, शौचाला कसं होतं, सगळ्याची उत्तरं काकांकडं तयार. त्यांनी आयुष्यात कधी मायचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, पण तिच्या आतड्यांची त्यांना खडानखडा माहिती. पोट तिचं, बोलणारे हे. मी दोनदा मधे बोलायला गेले तर साडूंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. ते तर नुसते सोबत आलेले.

मग तपासण्या झाल्या. पुढच्या फेरीला डॉक्टरांनी कागद चाळले आणि भराभर सांगून टाकलं की गाठ आहे, पसरलेली आहे, ऑपरेशन काही करता येणार नाही, औषधं आणि सलाईन चालू ठेवू. बाहेर पेशंटांची रांग होती आणि त्यांचं अर्धं लक्ष दाराकडं होतं. आता विचारा, असं मी मनात म्हणत होते. गाठ कशाची, पसरली म्हणजे कुठवर, औषधानं काय होणार, काहीतरी विचारा. काकांनी घसा खाकरला आणि पुढं सरून अदबीनं विचारलं,

"वांगं चालंल का, साहेब?"

हसू नका. आमच्याकडं डॉक्टरला विचारायचा हा एकच प्रश्न आहे आणि तो लेकरालाही पाठ असतो. पथ्य काय. वांग्यावरून गाडी भातावर आली, भातावरून दह्यावर, दह्यावरून हरभऱ्याच्या डाळीवर. साडूंनी आंबट-तेलकटाचं विचारलं. दोस्तांपैकी एकानं विचारलं, अंघोळ गरम पाण्यानं का गार. एवढी मोठी माणसं, मिशांना पीळ भरलेली, आणि एका बाईच्या जिवाबद्दल त्यांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच. डॉक्टर कंटाळले. म्हणाले, "कसलंही पथ्य नाही. जे आवडेल ते खाऊ द्या त्यांना."

बाहेर आल्यावर काकांचा चेहरा उजळला होता. आमच्याकडं आजाराचं वजन पथ्यावर ठरतं. पथ्य कडक, तर आजार भारी. पथ्य थोडं, तर आजार थोडा. आणि इथं तर काहीच पथ्य नाही, वर ऑपरेशनही नाही. "काई न्हाई, मामुली हाय," काकांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, आणि सगळे दोन-दोन चहा प्याले. गावात आल्यावर त्यांनी पारावर बसून तीच बातमी दिली. ज्यांना ऐकून बरं वाटायचं त्यांना वाटलं. काहींनी लगेच आपापल्या घरच्या पेशंटसाठी त्या डॉक्टरचा पत्ता विचारून घेतला.

माय चुलीपाशी बसली होती. मी भाकरी थापत होते. ती म्हणाली, "जे आवडंल ते खाऊ द्या म्हनले. तुह्या बापाच्या वक्ताला बी डाक्टर असंच म्हनला होता." मी हात थांबवून तिच्याकडं पाहिलं. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "मला काहून कुनी इचारू देत न्हाई? मला बाईकडं जायचं हाय. आता जाऊ का बरं झाल्यावर जाऊ, येवढं तरी कळू द्या."

बाई म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. कळमनुरीच्या अलीकडं राहायची. मायची आई लवकर गेली, तेव्हा मावशीनंच तिला वाढवलं होतं. तिच्याकडं महिनाभर नुसतं बसायला जायचं, असं माय माझ्या लहानपणापासून म्हणत होती. कधी हळदीची लागवड आडवी आली, कधी खुरपण, कधी माझं बाळंतपण. आता आजार आडवा आला होता. काका भिंतीला सांगत होते, बरं झाल्यावर जा म्हणावं, आधी सलाईनीचा कोर्स पुरा करा. दर आठवड्याला नांदेड, दर वेळी हाताला नवी सुई, आणि माय दर आठवड्याला थोडी कमी. बहिणीकडं जायचे जे काही दिवस तिच्या हातात होते, ते असे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून चालले होते.

मग एका बाजाराच्या दिवशी काका गावात नाहीत असं पाहून मी तिला एसटीनं नांदेडला नेलं. जीप नाही, जाणता माणूस नाही.

डॉक्टरांनी आमच्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं आणि विचारलं, पुरुष माणूस कुणी नाही का सोबत. एवढा शिकलेला माणूस, पण त्यालाही पेशंटचं बोलायला मिशीवाला लागतो. मी म्हटलं, पेशंट आलाय, तेवढा पुरे. मायनं पदर मागं घेतला. दिवसाउजेडी परक्या माणसासमोर तिचं अख्खं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं.

तिनं विचारलं, ही गाठ कशाची, तिचं नाव काय. डॉक्टर माझ्याकडं वळले आणि इंग्रजीत सांगायला लागले. माझं इंग्रजी बारावीपुरतं, तरी तो एक शब्द मला कळला. मायनं टेबलावर हात ठेवला.

"साहेब, पोट माझं हाय. माझ्याकडं बघून सांगा."

त्यांनी मग तिच्याकडं बघून सांगितलं. कॅन्सर. आमच्या गावात हा शब्द उच्चारायची रीत नव्हती, 'तसली बिमारी' म्हणायचे. मायनं मान हलवली आणि पुढचं विचारलं. "ह्या सलाईनीनं हे बरं होनार हाय, का निस्तं लांबनार हाय?" डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, आणि लांबेल तेही फार नाही. नाही घेतल्या तर काय होईल? फारसा फरक पडणार नाही, अशक्तपणा तेवढा वाढेल. दुखणं वाढलं तर काय करायचं? त्यावर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्या कशा वाढवायच्या ते नीट समजावलं. ह्या गोळ्या आधीही देता आल्या असत्या, पण त्यांचं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं, पण ते काही त्यांच्या लक्षात आल्यासारखं दिसलं नाही.

शेवटी तिनं विचारलं, किती वेळ हाय. डॉक्टर म्हणाले, असं नक्की सांगता येत नाही. मायनं त्यांना सोडलं नाही. "हळद शिजंस्तोवर?" डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी जन्मभर हळद खाल्ली असेल, पण ती कधी शिजवतात हे त्यांना माहीत नव्हतं. फाल्गुनाच्या आसपास, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तितकं धरू नका."

माय उठली. नांदेडच्या स्टँडवर आमच्या गावाकडं जाणारी वसमतची गाडी लागलेली होती. माय तिच्यासमोरून चालत गेली आणि कळमनुरीच्या गाडीत जाऊन बसली.

चार दिवसांनी काका जीप घेऊन मावशीच्या दारात हजर. सोबत तेच दोस्त. माय आत, दाराआड, आणि मी उंबऱ्यात. काका मला म्हणाले, केस बरी होणारी आहे, डॉक्टरनं साधं पथ्यसुद्धा सांगितलं नाही, तू तिचा जीव घालवून राहिलीस. आतून मायचा आवाज आला, मला सांगितल्यासारखा पण त्यांना ऐकू जाईल असा. "त्यास्नी सांग, म्या डाक्टरला इचारून आले. म्या येत न्हाई." काका जागेवरच थांबले. भिंतीला चहाचं विचारणारा हा आवाज नव्हता.

मायनं मावशीकडंच डोळे मिटले, हळद अजून रानात उभी असताना. शेवटचं जे काही तिच्या पोटात गेलं ते मावशीच्या हातचं वांग्याचं भरीत होतं, घासभर. तेराव्याला काका लोकांना सांगत होते की दवाखाना मधेच सोडला म्हणून गेली. मी ऐकून घेतलं. त्या माणसाशी नंतर कैक वर्षं मी कामापुरतंच बोलले, आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

हिंगोली जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, जीपा जाऊन दुसऱ्या मोठ्या गाड्या आल्या. काका थकले. त्यांच्या घशाशी गाठ आली तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या जागेवर त्यांचा थोरला मुलगा बसला आणि काका मागं. दवाखान्यात काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा पोरं अंगणात खुशीत होती. डॉक्टर म्हणाले होते, जे आवडेल ते खाऊ द्या.

काका आत पलंगावर होते. आवाज बसलेला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बाहेरच्या हसण्याकडं कान दिला. मग म्हणाले,

"तुह्या मायनं डाक्टरला काय काय इचारलतं?"

मी सांगितलं. नाव काय. बरं होणार का निस्तं लांबणार. औषध नाही घेतलं तर काय. दुखलं तर काय. किती वेळ. ते ओठातल्या ओठात एकेक म्हणत होते.

"मला ने," ते म्हणाले. "पोरायला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी त्यांना नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघून बोलायला लागले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे त्यांना काकांकडं वळावंच लागलं. काकांनी बसक्या आवाजात मायचे सगळे प्रश्न विचारले, तिच्याच क्रमानं. वांग्याचं नाव काढलं नाही.