मायच्या बोटांचं उत्तर मी दिलं

मी जळगाव जामोदला दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. मायच्या छातीत गाठ निघाली तेव्हा तिलाही औषध समजावलं ते मास्तरकीच्याच ऐटीत. "माय, पेशीत बारीक नळ्या असतात, तुह्या सरगुंड्यांसारख्या. एका पेशीच्या दोन होताना त्या जुळतात, सुटतात. हे औषध त्यायले कडक करून ठेवते. मंग गाठ वाढत नाही."

माय हसली. सरकाडीवर कणकेची दोरी गुंडाळून तिच्याइतके सुबक सरगुंडे आमच्या गल्लीत कोणी करत नव्हतं. "म्हंजे सरगुंडा काडीवरून निघतच नाही म्हन की!"

तशाच नळ्या नसांतही असतात, त्याही कडक झाल्या की हातपाय बधिर होतात, हे मात्र मी गिळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दर आठवड्याला शेगावपर्यंत बस, तिथून रेल्वेनं अकोला. सलाईन लावण्याआधी डॉक्टर तिला विचारायचे, "हातापायाला मुंग्या येतात का?" आमच्याकडे दवाखान्यात पेशंट नुसता बसतो, बोलतो शिकलेला पोरगा. माय तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "नाही." घरी ती सांगायची, "बाबू, बोटं बधिर होऊन राह्यले रे." मी म्हणायचो, "अशक्तपणा हाय, दूध पी." डॉक्टरांनी औषध थांबवलं तर गाठ परत वाढेल, याच भीतीनं मी खोटं बोलत होतो.

एकदा शेगावच्या स्टँडवर भर उन्हात तिची चप्पल पायातून निघाली. ती तशीच डांबरावरून चालत राहिली. मी वर तिच्यावरच खेकसलो, "लक्ष कुठं असते तुहं?" गाडीत पाहिलं तर तळपायाला हे मोठे फोड. "मले समजलंच नाही," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर भडकले. "हे कधीपासून? आधी का नाही सांगितलं?" माय म्हणाली, "कालपासूनच हो साहेब. पोराले काही मालूम नव्हतं."

औषध बदललं. गाठ गेली, बोटं काही सुधारली नाहीत. यंदा आंब्याच्या रसाच्या दिवसांत ती सरगुंडे करायला परात घेऊन बसली, पण कणकेची दोरी चिमटीत धरता येईना. चार सरगुंडे तुटले. मला राहवलं नाही. "माय, तू काऊन नाही बोलली तवा? तुले तर तोंड होतं."

तिनं काडी माझ्या हातात दिली.

"तू नाही म्हनून बसला होता ना बाबू. डॉक्टरसमोर तुले खोटं पाडू काय?"