काविळीची माळ

श्यामसुंदरांच्या स्टुडिओला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधे नुसतं प्लायवुड. ते पलीकडे शिंकले की इकडे माझं गिऱ्हाईक दचकतं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी काढली, पण माझ्याशी बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे कधी बघत नाहीत. माझ्या हनुवटीवरच्या तिळाकडे बघतात. सुरुवातीला मी जाम चिडायचे. मग कळलं, हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो. समोरच्याच्या चेहऱ्यात काय खोडावं लागेल ते आधी शोधतो आणि मग नमस्कार करतो.

त्यांचा धंदाच तो होता. नारायण पेठेत मुलीचं लग्न काढलं की पत्रिका आणि फोटो एकाच पाकिटातून स्थळाकडे जायचे, आणि तो फोटो श्यामसुंदरांनी काढलेला असायचा. रंगीत फोटो येऊन जुने झाले तरी स्थळासाठी लोक काळापांढराच मागत, कारण रंगीतात रंग कळतो. देवीचे व्रण, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं, हे सगळं ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून घालवत. "मी खोटं काही घालत नाही बाई, नको असलेलं तेवढं काढतो," असं म्हणत आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होत. पुढे कलर लॅब आल्या, मग कॉम्प्युटर, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. माझं दुकान तगलं, कारण सरकारी कामाला अजून कागद लागतो. त्यांच्याकडे दिवसभरात एखादा पासपोर्ट फोटोवाला चुकून फिरकायचा.

काउंटरमागे एक फोटो मात्र कायम फ्रेममध्ये होता, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, राधाचा. मान किंचित वळवलेली, वेणी मागे, हसू येऊ की नको अशा बेतात. याच फोटोवर राधाचं लग्न जमलं, बाबुरावांशी. बाबुराव बँकेत होते. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन वारज्याच्या फ्लॅटमध्ये येऊन बसले.

राधाच्या मानेवर कोड आहे. कानाखालून खांद्यापर्यंत, आणि आता थोडं गालावर. त्याची हकिकत आमच्या बोळात सगळ्यांना पाठ. लग्नानंतर वर्षभरातच तिला कावीळ झाली. बाबुराव मुळशीकडच्या कुठल्याशा वैदूकडून काविळीची माळ घेऊन आले. मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात, ती गळ्यात बांधायची, की कावीळ उतरते. राधा नको म्हणत असताना बाबुरावांनी ती स्वतःच्या हाताने बांधली. कावीळ गेली आणि माळेच्या जागी पांढरा डाग राहिला. बाबुरावांनी ते जिवाला लावून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी ते राधाला गच्चीवर कोवळ्या उन्हात बसवतात आणि तिच्या मानेला बावचीचं तेल चोळतात. बाहेर काय करायचं ते कर, पण माझ्या घरात मान झाकायची नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा हे तेल लावणं पाहिलं आहे. माझ्या नवऱ्याने मला कधी डोक्याला बाम चोळला नाही, त्यामुळे मला तिचा हेवाच वाटला.

तर त्या वर्षी शहरभर फोटोंचा महोत्सव भरणार होता. दालनात नाही, रस्त्यावर. बसथांब्यांवर, मंडईत, नदीकाठी, बागांच्या कुंपणांवर. त्याचं काम बघणाऱ्यांपैकी निकिता नावाची मुलगी आमच्या बोळात उगवली. नोकरी खराडीच्या एका कंपनीत, आणि सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा. तिने राधाचा फोटो बघितला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभीच राहिली.

"काका, याची निगेटिव्ह आहे? प्रिंटवरून एवढं मोठं नाही होणार. निगेटिव्हवरून डायरेक्ट स्कॅन करू. आठ फुटी."

श्यामसुंदरांनी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. राधाची निगेटिव्ह आणि अजून काही मुलींच्या निगेटिव्ह तिच्या हातात दिल्या. पुढचे दिवस हा माणूस नवरदेवासारखा वावरत होता. नवा शर्ट शिवला. बाबुरावांना फोन करून स्वतःच्या तोंडाने आमंत्रण दिलं, "रविवारी या दोघं. राधा जंगली महाराज रस्त्यावर लागणार आहे." पलीकडून बाबुराव इतक्या जोरात हसले की ते मला प्लायवुडमधून ऐकू आलं.

शुक्रवारी, उद्घाटनाच्या दिवशी, मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेले. बागेच्या कुंपणावर ओळीने मुली लागल्या होत्या, सगळ्या लग्नाच्या फोटोतल्या. मधोमध राधा. गर्दी तिच्यासमोरच होती. मी म्हणाले, "वा, श्यामसुंदर, जिंकलंत की." म्हणता म्हणता वळून बघितलं, तर ते झाडाच्या बुंध्याला धरून उभे होते. चेहरा पांढराफटक.

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. राधाच्या कानाखाली, वळवलेल्या मानेवर, तळहाताएवढा पांढरा डाग होता. खाली पट्टी: "सन १९९०. लग्नासाठी काढलेला फोटो."

"अहो, पण कावीळ तर लग्नानंतर झाली ना?" मी म्हणाले.

त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसवलं आणि तिळाकडे बघत सगळं सांगितलं. डाग आधीपासून होता. लहान होता. काळा डाग निगेटिव्हवर पेन्सिलीने जातो, पण पांढरा डाग तिथे जात नाही. तो प्रत्येक प्रिंटवर वेगळा, ब्रशने, करडा रंग भरून बुजवावा लागतो. राधाच्या जेवढ्या प्रिंट स्थळांकडे गेल्या, तेवढ्यांवर त्यांनी एकेक करून ब्रश चालवला. बघायला आले तेव्हा तिने केस मोकळे सोडले होते. लग्नात तिच्याबरोबर त्यांनी मानेला लावायला स्वतः खललेल्या रंगाची डबी दिली. काविळीत ती पंधरवडाभर उठली नाही, डबी राहिली बाजूला, आणि बाबुरावांना डाग दिसला. ते धावत स्टुडिओत आले आणि विचारलं, "श्यामराव, हे माझ्या माळेने झालं का हो?"

"मग?"

"मी म्हणालो, असेल. मुळ्या उष्ण असतात."

मला संताप आला. कोडाचा कसला संताप, ते काय कोणाला लागत नाही की खात नाही. पण तो माणूस एवढी वर्षं रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन गच्चीवर चढतो, ते या एका वाक्यापायी.

"आणि निगेटिव्ह देताना तुमच्या डोक्यात आलं नाही?"

"नाही आलं," ते म्हणाले. "मी रोज फ्रेममधलीच राधा बघतो. मला ती तशीच आहे असं वाटायला लागलं होतं." हे मात्र ते खरं बोलत होते. स्वतःच्या ब्रशवर सगळ्यात जास्त विश्वास त्यांचाच बसला होता.

मग सुरू झाली धावपळ. निकिताला फोन केला, फोटो उतरवा. ती गोड आवाजात म्हणाली, "काका, का पण? लोक तिच्यासमोरच थांबतायत. बाकी सगळे इतके परफेक्ट आहेत, ही रिअल आहे." का, हे सांगायचं म्हणजे जे लपवायचं तेच सांगायचं. श्यामसुंदर म्हणाले, प्रिंट नीट आली नाही. ती म्हणाली, उलट फार सुंदर आलीय. ते म्हणाले, माझा फोटो आहे, मला नको. ती म्हणाली, कमिटीला मेल टाकते, पण सोमवारपर्यंत कोणी बघेल असं वाटत नाही. मी म्हणत होते की त्या पोरीला खरं सांगून टाका, ती काही दवंडी पिटणार नाही. ते ऐकेनात. मी फोन हिसकावून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी फोन सोडला.

बाबुरावांना फोन केला, रविवारी येऊ नका, ऊन फार आहे. बाबुराव म्हणाले, टोपी घालून येतो. मग श्यामसुंदर म्हणाले, गर्दी फार आहे. ते म्हणाले, असणारच. मग म्हणाले, माझी तब्येत बरी नाही. ते म्हणाले, मग तुम्ही घरी थांबा श्यामराव, फोटो बघायला तुमची काय गरज आहे. श्यामसुंदरांनी फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकलं. जेवणाचा डबा दोन दिवस तसाच परत जात होता.

रविवारी सकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर श्यामसुंदर स्टूल आणि रंगाची पेटी घेऊन निघालेले. मला कळलं. मी पिशवी दुकानात टाकली आणि मागे गेले. कुंपणापाशी त्यांनी स्टूल मांडलं, वर चढले, करडा रंग खलला आणि राधाच्या मानेवर ब्रश ठेवला. खाली उभी राहून मी स्टूल धरलं.

पण तो कागद नव्हता, फ्लेक्स होतं. कागद रंग पितो. इथे रंगाचे थेंब झाले आणि घाम ओघळावा तसे खाली ओघळले. त्यांनी दाट खलला, तरी ओघळला. बोटाने दाबला, तर बोटाला चिकटून परत आला. "धरत नाही, बाई," ते म्हणत होते, "धरतच नाही." तोवर लोक जमले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. मोबाइल वर झाले. निकिता कुठूनशी आली आणि आनंदाने म्हणाली, "लाइव्ह डेमो, काका? आधी सांगायचं ना." मी तिच्याकडे असं काही बघितलं की ती दोन पावलं मागे सरली.

आणि त्या मोबाइलवाल्यांमधून टोपी घातलेले बाबुराव पुढे आले. एकटेच. राधा संध्याकाळी येणार होती, यांना तेवढा धीर नव्हता. हातात मोगऱ्याचा गजरा होता, फोटोला लावायला आणलेला. ते आधी फोटोकडे बघून हसले. मग त्यांनी मान बघितली. मग खाली वाकून पट्टी वाचली.

"माळ मी ब्याण्णव साली बांधली, श्यामराव."

श्यामसुंदर स्टुलावरूनच म्हणाले, "बाबुराव, प्रिंट खराब आलीय हो." त्याही वेळी त्यांना हेच सुचलं.

बाबुरावांनी खिशातून रुमाल काढला आणि राधाच्या मानेवरचा ओघळलेला रंग पुसायला लागले. हात वर पोचत नव्हता, टाचा उंचावून पुसत होते. कानाखालून खांद्याकडे, हलक्या हाताने, रोज तेल चोळतात तसेच. डाग स्वच्छ पांढरा वर आला. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबुरावांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि बसथांब्याकडे चालायला लागले. गजरा स्टुलापाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदर माझ्या दारात आले. "वारज्याला येता का?" एकट्याने जायची त्यांची छाती नव्हती. वास्तविक मी जायला नको होतं, तो त्यांच्या घरचा मामला. पण त्यांना रिक्षातसुद्धा धरून बसवावं लागत होतं.

दार बाबुरावांनीच उघडलं. आत खुर्चीत जाऊन बसले. पुढ्यात पेपर, पण चष्मा टेबलावर. तेलाची बाटली टीव्हीशेजारी, बूच घट्ट. श्यामसुंदर पायांशीच बसायला गेले, तर बाबुराव म्हणाले, "खुर्ची आहे की."

शेवटी बाबुरावच बोलले, माझ्याकडे बघून, जणू मेव्हणा खोलीत नाहीच.

"मी तेल लावायला लागलो की ती डोळे मिटून गप्प बसायची. एवढ्या वर्षांत एकदाही बोलली नाही. मला वाटायचं, मी केलेलं तिला दुखतंय."

"राधाला सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? मलाच काय ते ठाऊक नव्हतं, तिला ठाऊकच होतं." त्यांनी पेपर उचलला. "वर आहे. नेहमीसारखी जाऊन बसलीय."

आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीशेजारी राधा पाटावर बसली होती. केसांचा बुचडा वर बांधलेला, मान उघडी, उन्हाकडे केलेली. पावलं वाजली तसे तिने डोळे मिटून घेतले आणि मान अजून थोडी कलती केली. फोटोतल्यासारखीच.

श्यामसुंदर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. तिनेच डोळे उघडले.

"दादा? तू कसा? हे कुठेत?"

"राधे," ते म्हणाले, "रस्त्यावर तुझा फोटो लागलाय ना... तो बाबुराव काल बघून आले. निगेटिव्हवरनं काढलेला होता."

फोटोग्राफरची बहीण ती, निगेटिव्ह म्हटल्यावर तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती श्यामसुंदरांकडे बघत राहिली. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यांकडे बघितलं असेल, आणि लगेच मान खाली घातली. राधाने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी आलं नाही. मग तिने खांद्यावरचा पदर घेतला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या मानेवरून ओढून घेतला.