तांब्याची झाक

बोईसरच्या आत्मारामकाकांच्या स्टुडिओत डार्करूमच्या जागी आता इंकजेट प्रिंटर आहे, आणि काका रोज त्याच्यावर खेकसतात. कृष्णधवल फोटो जरा तिरका धरला की काळ्या शाईवर तांब्यासारखी झाक मारते.

"लाल दिव्याखाली धुतलेला आमचा काळा रंग कुठूनही काळाच दिसायचा!" एवढं बोलून ते फोटो वाळवायच्या जुन्या दोरीकडे बघत बसतात.

परवा तारापूरची मासेवाली मंजुळामावशी वारलेल्या नवऱ्याचा फोटो न्यायला आली. झाक दिसताच काका तो फाडायला निघाले. मावशीने हिसकावून घेतला आणि पापलेट पारखावं तसा उजेडात तिरका केला.

"फाडतोस कशाला, आत्माराम? चमकतोय, म्हंजे अजून ताजा हाय."