सातव्या मुद्द्यापुढची खूण

कागदावर खूण आहे म्हणजे ती गोष्ट रुग्णाला सांगितली होती, असे मानावे का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी बसले आहे. ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे — आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलेले नाही.

साताऱ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर सांगलीत मुलीकडे आले आणि एका खासगी रुग्णालयात, शस्त्रक्रियेआधीचे नऊ मुद्द्यांचे संमतीपत्र रुग्णांना मराठीत समजावून देण्याचे काम धरले. एक मुद्दा समजावायचा, रुग्णाने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा, ते शब्द समासात लिहायचे, मगच बरोबरची खूण — ही पद्धत माझीच.

विराज जतहून आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. जन्माने मुलगी, पण कळत्या वयापासून पुरुष म्हणूनच स्वतःला ओळखणारा. गर्भाशय आणि बीजांडकोश काढायचे ठरले होते. सोबत मामा — सैन्यातून निवृत्त झालेले, घरातून त्याच्या पाठीशी उभे राहिलेले एकटेच. सहावा मुद्दा झाला आणि मामा हसले. "आवं बाई, शाळा लय झाली. आता सुट्टी द्या की, जतची गाडी जाईल."

मीही हसले. सातवा मुद्दा असा होता — यानंतर स्वतःच्या बीजापासून मूल होणार नाही. हवे असल्यास बीजांडे आधी काढून गोठवून ठेवता येतात. मामांसमोर बोलायचा संकोच वाटला, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. ते खरे होते का? नाही. मला वाटले — ज्याला पुरुष म्हणून जगायचे आहे, त्याला हे कशाला? त्याचे उत्तर मीच देऊन टाकले. न समजावताच सातव्यापुढे खूण केली, उरलेले दोन मुद्दे समजावले. त्याने सही केली.

तीन वर्षांनी, मूल हवे म्हणून जोडीदारासह दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर, बीजांडे आधी गोठवता आली असती हे त्याला कळले. त्याने रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. लोक त्याला आपापल्या बाजूला ओढू लागले — कुणी म्हणे, पस्तावला, हे उपचारच बंद करा. कुणी म्हणे, अशा तक्रारींनी इतरांची वाट बंद होईल. आयोगाच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "बाई, मी पस्तावलो न्हाई. मला फकस्त सांगायला पायजे हुतं. तुमी सांगितलं न्हाई, हे तुमाला तरी ठावं हाय न्हवं?"

मी साक्ष द्यायला आत गेले.

शस्त्रक्रियेत चूक झाली का, एवढेच कायदा पाहत नाही. परिणाम आणि पर्याय रुग्णाला सांगितले होते का, हेही पाहतो. त्याचा पुरावा म्हणजे माझा कागद आणि मी. मी शपथेवर सांगितले — नऊही मुद्दे समजावले. तक्रार फेटाळली गेली. निकालात माझ्या पद्धतशीर कामाचा उल्लेख आहे.

सातव्या खुणेशेजारचा समास कोरा आहे. तो कुणी पाहिला नाही — विराजच्या वकिलांनीही नाही. हे लिखाण माझ्या सहीनिशी मी आज त्याला पाठवले आहे.

तुमच्या घरात असा सही केलेला कागद असेल, तर काढा. प्रत्येक खुणेपुढची गोष्ट तुम्हाला खरोखर सांगितली होती का, ते स्वतः तपासा. समजावणाऱ्या बाईच्या शब्दावर राहू नका.