आबांनी तपासलेलं आत्मचरित्र

सोपान आबा पुस्तक वाचत नसत, तपासत. मांडीवर पुस्तक, कानावर तांबडी पेन्सिल आणि चेहऱ्यावर नापास करायच्या तयारीनं आलेल्या परीक्षकाचा भाव. लातूरकडच्या वाशीच्या आमच्या दूध संस्थेत ते सचिव होते आणि मी दुधाचं फॅट मोजणारा. त्या साली दुष्काळ असा होता की माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तर दुधात कुठून घालणार? संस्थेच्या इतिहासात निर्भेळ दूध आलं ते तेवढ्याच वर्षी. पण येऊन येऊन येणार किती? सकाळीच काम आटपायचं आणि आबांचं वाचन सुरू व्हायचं.

पुस्तक होतं एका बड्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र. उपाशीपोटी वाढला, रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकला, साहेब झाला. आमचे चेअरमन ते वाचून आठवडाभर डोळे पुसत हिंडले. आबांच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"रस्त्यावर दिवा व्हता म्हणं ह्यांच्या गावात," समासात फुली मारत ते म्हणाले. "लई श्रीमंत गाव दिसतंय."

पुढच्या पानावर शिळ्या भाकरीचं वर्णन आलं. आबांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "शिळी म्हंजे उरलेली. ह्यांच्यात भाकरी उरत व्हती."

खरं तर हे पुस्तक येईपर्यंत आबांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खळ घातलेला पांढरा सदरा, तांब्यात निखारे घालून केलेली कडक इस्त्री. माणूस जणू जन्मतःच सचिव. बौद्धवाड्यातल्या पोराचं बालपण कसं गेलं असेल हे गावाला ठाऊक होतं, पण त्यावर बोलायचं नाही असा न लिहिलेला ठराव होता. शेवटचं पान मिटल्यावर मात्र आबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "ह्या गड्यानं लाज न धरता सगळ्या मुलखाला सांगितलं. आन् म्या हितं इस्त्री मोडंल म्हून गप बसलो."

त्या दिवसापासून आबा सुटले. डेअरीच्या ओट्यावर रोज खेळ. "विहिरीवर आमाला वरून पाणी वतायचे, खाली आमची ओंजळ. तवापासनं क्रिकेटमधी माझा झेल सुटत न्हाय." लोक हसायचे आणि हसता हसता मध्येच थांबायचे, कारण पाणी ओतणाऱ्यांची नातवंडं कॅन घेऊन रांगेतच उभी असायची.

हे सगळं अंगाशी यायची वेळ आली मिलिंदचं लग्न ठरवताना. मिलिंद त्यांचा एकुलता एक, लातूरला बँकेत. सोलापूरची मुलगी त्याच्या मनात पार भरली होती, आणि आता तिचे वडील घर बघायला येणार होते. रेल्वेत साहेब, घराणं दोन पिढ्या शिकलेलं, असं मध्यस्थाचं म्हणणं. मिलिंदनं मला गळ घातली. आबांना सांगा, ते झेलबिल काही काढू नका, ही सोयरीक मोडली तर मी दुसरी करणार नाही. मी निरोप पोचवला. आबा म्हणाले, "बरं." इतकं आज्ञाधारक 'बरं' ऐकून मला धडकीच भरली.

साहेब आले. सफारी सूट, भारदस्त मराठी. जयभीम झाला, चहा झाला. पाऊसपाण्यावर बोलून झालं, पण न पडलेल्या पावसावर बोलणार तरी किती? आबांच्या कडक सदऱ्याकडं बघत साहेबांनी विचारलं, "आपलं शालेय शिक्षण कुठं झालं?"

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. मी छपराच्या पत्र्याकडं.

"शाळंच्या भाईर," आबा म्हणाले. "खिडकीपाशी. पावसात मास्तर खिडकी लावून घ्यायचे, म्हून गणित कच्चं राहिलं."

मिलिंद पांढराफटक. साहेबांनी कप खाली ठेवला, सफारीची वरची गुंडी सोडली आणि खुर्चीवरून उतरून सतरंजीवर मांडी ठोकली.

"तुमाला खिडकी तरी व्हती," ते म्हणाले. सगळा भारदस्तपणा एका वाक्यात उतरला. "आमच्याकडं नुस्तं भिताड."

मग जी जुंपली म्हणता! आबांनी स्वतःच्या लग्नातल्या उसन्या चपलांची गोष्ट काढली, ज्या वरातीआधीच परत गेल्या आणि नवरदेव अनवाणी निघाला. साहेबांनी पंगतीबाहेर कुत्र्याशी वाटून खाल्लेला लाडू काढला. दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हसत होते. दोन पिढ्यांचं शिक्षण कुठल्या कुठं गेलं.

आणि आबांचा आवाज एकदम खाली आला.

"मला वर्गात बसू द्यायला लागले तवाची गोष्ट. आई दुपारची भाकरी घिऊन दारात यायची. फाटकं लुगडं. पोरं म्हणली, कोण रं ही? म्या म्हणलं, शेजारीण हाय." त्यांनी सदऱ्याची बाही सरळ केली. "तिनं ऐकलं. दुसऱ्या दिशीपासनं दारात आली न्हाय. भाकरी लिंबाखाली ठिवून जायची."

हे सांगताना आबांनी मिलिंदकडं एकदाही पाहिलं नाही. साहेबांकडं याच्या वरचढ काही असेलही, पण त्यांनी ते काढलं नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून ते म्हणाले, "वैनी, भाकरी हाय का?"

आमच्याकडं सोयरीक पक्की झाल्याशिवाय पाहुणा जेवत नाही, चहा घेतो आणि निघतो. साहेबांनी भाकरी मागितली म्हणजे मुलगी दिली.

आतून आबांच्या पत्नी, वच्छलाकाकू, म्हणाल्या, "हाय की. तुमा दोघांची उपासमार सांगून झाली असंल, तर पाट मांडा."

मिलिंद उठला. रीत आधी पाहुण्याला बसवायची. त्यानं पहिला पाट बापासाठी मांडला आणि हाताला धरून आबांना त्यावर बसवलं.