साहेबांची पद्धतशीर डोकेफोड

रिटायर झालो तेव्हा टेबलाचा खण एका दुपारी रिकामा झाला. किस्से काही केल्या रिकामे होत नाहीत, आणि त्यातले निम्मे आमच्या इंगोले साहेबांचे.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. मंगरूळपीरला आमचं ऑफिस, काम खेड्यांना पाणी पुरवायचं. साहेब पुण्याहून ट्रेनिंग करून आले ते अडचणी सोडवायची पद्धत घेऊनच. पहिला नियम: अर्धा तास फक्त कल्पना सांगायच्या, कोणी 'नाही' म्हणायचं नाही.

सगळे चिडीचूप. शेवटी साहेब ओव्हरसियर वानखडेंवर वैतागले, "तुम्हाला एवढंही जमत नाही?"

"जमते ना सायेब," वानखडे म्हणाले, "पण नियम तुमीच मोडला."

*

दुसरा नियम: प्रत्येक कल्पनेला दहापैकी मार्क. बोअरची गाडी चिखलात रुतते, काय करावं? कोणी म्हणालं खडी टाका, कोणी म्हणालं ट्रॅक्टर लावा. सगळ्यात जास्त मार्क पडले आमच्या शिपाई शेखचाचांना. "गाडी उन्हाळ्यात पाठवा ना."

साहेबांनी प्रस्ताव वर धाडला. मंजूर होऊन आला तो भर पावसाळ्यात.

*

मग साहेबांनी वानखडेंना प्रत्येक कल्पनेतल्या फक्त उणिवा काढायचं काम दिलं. आठ दिवसांनी त्यांच्या मिसेस ऑफिसात हजर. "सायेब, हे काम यायले कायले देलं? घरी भाजीतबी उणिवा काढून राह्यले."

साहेब म्हणाले, "वहिनी, ते काम मी सोमवारीच काढून घेतलं."

*

शेलूबाजारकडच्या एका गावाला एकच हातपंप मंजूर झाला. गरज होती गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीला. गावच्या विहिरीला त्या बायांना हात लावू देत नसत. कोणी घागरीत पाणी ओतेपर्यंत उन्हात उभं राहायचं. ते पाहून माझं डोकं फिरायचं. गावात मात्र भांडण एकच, पंप पाटलांच्या दारात की सरपंचांच्या.

साहेबांनी शाळेपुढं सगळ्यांना बसवलं, राखेनं गावाचा नकाशा काढला आणि घरटी दहा चिंचोके वाटले. पंप हवा तिथं ठेवा म्हणाले. जो तो आपल्याच दारात ठेवून मोकळा झाला.

साहेबांनी ते परत वाटले. "आता पुन्हा ठेवा. फक्त स्वतःच्या दारात ठेवायचे नाहीत."

पाटलांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी पाटलांकडे. दुसऱ्याच्या दारात पंप द्यायला कोणाचाच हात धजेना. मग एकेक जण उठला आणि जिथं पंप जाणारच नाही याची त्याला खात्री होती तिथं चिंचोके ठेवून आला. मोजायची गरजच पडली नाही. ढीग वस्तीवर पडला होता.

वस्तीतल्या पंचफुलाबाई नकाशाजवळ येऊन बसल्या. "सायेब, आमी तं आमचे शाळेपाशी ठेवले, पोराईले पाणी भेटन म्हणून. मंग आमच्याकडं एवढे कोणं ठेवले?"

मग सरपंचांनी घसा साफ केला.

"साऱ्या गावानं ठेवले, बाई."